गोल, प्रतल आणि मधले अंतर

गोल कुठूनही, कसाही कापा. सपाट कापावर वर्तुळच उमटते. हे इतके उघड वाटते की त्यालाही काही कारण लागत असेल हे मनाला शिवत नाही. पण नळकांडे तिरके कापले तर लंबवर्तुळ मिळते. शंकू कापला तर कलाप्रमाणे वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त अशी चार रूपे निघतात. घन तर त्रिकोणापासून षट्कोनापर्यंत काय वाटेल ते दाखवतो. गोल मात्र एकच उत्तर देतो, आणि बहुधा म्हणूनच त्रिमितीय भूमितीच्या पुस्तकांत प्रतल आणि गोल यांचा छेद दोन-तीन पानांत उरकला जातो. प्रश्न सोपा आहे, यात वाद नाही. मात्र तो कशामुळे सुटतो हे नीट पाहिले, तर पंचांगातले दिनमान, विमानांचे मार्ग, मोबाइलमधला नकाशा आणि सीटी स्कॅनमधली गाठ हे सगळे एकाच काटकोन त्रिकोणावर उभे असल्याचे ध्यानात येते.

तो त्रिकोण असा. गोलाच्या केंद्रातून प्रतलावर लंब टाका. लंब जिथे टेकतो त्याला पाय म्हणू. आता गोल आणि प्रतल या दोघांवर असलेला कोणताही एक बिंदू घ्या. केंद्र, पाय आणि हा बिंदू मिळून काटकोन त्रिकोण होतो. त्याचा कर्ण म्हणजे गोलाची त्रिज्या, ती ठरलेली. एक भुजा म्हणजे केंद्रापासून प्रतलाचे अंतर, तेही ठरलेले. मग पायथागोरसच्या नियमाने उरलेली भुजाही ठरते, आणि बिंदू कोणताही घेतला तरी ती तेवढीच राहते. म्हणजे सगळे सामाईक बिंदू पायापासून सारख्या अंतरावर आहेत. वर्तुळाची व्याख्या याहून वेगळी काय असते? कापाची त्रिज्या हवी असेल तर गोलाच्या त्रिज्येच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ घ्या.

या मांडणीत प्रतल कोणत्या बाजूला कलले आहे याचा उल्लेख एकदाही आला नाही. गोलाला सगळ्या दिशा सारख्या असल्यामुळे त्रिमितीय प्रश्न घसरत घसरत एका संख्येवर येऊन थांबतो. अंतर त्रिज्येहून कमी असेल तर वर्तुळ, बरोबर तेवढेच असेल तर एका बिंदूत स्पर्श, जास्त असेल तर भेट नाही. अंतर शून्य असेल, म्हणजे प्रतल केंद्रातूनच जात असेल, तर मिळते ते बृहद्‌वृत्त, त्या गोलावरचे सर्वांत मोठे वर्तुळ. बाकीची सगळी लघुवृत्ते.

आकडे घालून पाहिले की या त्रिकोणाचा स्वभाव कळतो. गोलाची त्रिज्या ५ मीटर धरा. प्रतल केंद्रापासून १० सेंटिमीटर दूर नेले तर कापाची त्रिज्या जेमतेम एक मिलिमीटरने घटते. पाहणाऱ्याला फरक कळणारही नाही. आता दुसऱ्या टोकाला या. प्रतल स्पर्शाच्या जागेपासून अवघा एक मिलिमीटर आत आहे, म्हणजे अंतर ४.९९९ मीटर. कापाची त्रिज्या किती? तब्बल १० सेंटिमीटर. तोच त्रिकोण, फक्त भुजांची अदलाबदल झाली. मधोमध कापताना हात हलला तरी चालते, कडेला कापताना केसभर चूकही डोळ्यांत भरते. ही गोष्ट पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

भारतीय ज्योतिषाने हा त्रिकोण भूमितीचा स्वतंत्र प्रश्न म्हणून कधी मांडला नाही; तो आकाशात वापरला. आर्यभटाच्या ग्रंथापासून, म्हणजे इ.स. ४९९ पासून, रूढ असलेल्या ज्यांच्या (आजच्या भाषेत साइनच्या) कोष्टकात गोलाची त्रिज्या ३४३८ धरतात, कारण परिघाच्या २१,६०० कला (एका अंशाच्या ६०) मोजल्या तर त्रिज्या तेवढ्याच कलांची येते. सूर्य रोज ज्या वर्तुळावर फिरताना दिसतो ते अहोरात्रवृत्त. ते विषुववृत्ताला समांतर असते, म्हणजे खगोलाला एका समांतर प्रतलाने दिलेला काप. हे प्रतल विषुववृत्ताच्या प्रतलापासून जितके दूर ती क्रांतिज्या, आणि त्या वर्तुळाची स्वतःची त्रिज्या ती द्युज्या. त्रिज्येच्या वर्गातून क्रांतिज्येचा वर्ग वजा करून मूळ काढले की द्युज्या मिळते. सूर्यसिद्धांतात परमक्रांती, म्हणजे सूर्याचे विषुववृत्तापासूनचे सर्वांत जास्त अंतर, २४ अंश आणि तिची ज्या १३९७ दिली आहे. त्यावरून द्युज्या येते सुमारे ३१४१. (हा आकडा पाहून π ची आठवण होईल. निव्वळ योगायोग आहे.)

यावर आणखी एक काप बसतो तो क्षितिजाचा. विषुववृत्तावर राहणाऱ्याचे क्षितिज प्रत्येक अहोरात्रवृत्ताच्या बरोबर मध्यातून जाते, म्हणून तिथे दिवस आणि रात्र वर्षभर जवळजवळ सारखे. मुंबई १९ अंशांवर आहे. तिथले क्षितिज अक्षाशी कललेले असल्याने जूनमधल्या अहोरात्रवृत्ताला ते मध्याच्या खालून कापते. मध्यापासून ते जितके सरकते त्या अंतराला कुज्या म्हणतात. कुज्येवरून चर, म्हणजे उदयास्ताच्या वेळेतला फरक, काढतात, आणि चरावरून दिनमान. म्हणून मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकराच्या आसपास. जयपूर आणि दिल्लीच्या जंतरमंतरात हे प्रत्यक्ष पाहता येते. तिथल्या जयप्रकाश यंत्राची अर्धगोल वाटी म्हणजे उलटे केलेले आकाश. वर ताणलेल्या तारांच्या छेदबिंदूची सावली दिवसभरात वाटीच्या आतून सरकते आणि तिची वाट म्हणजे त्या दिवसाचा काप.

बृहद्‌वृत्तांचा एक गुण मात्र कुंडली मांडणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर असतो. कोणतीही दोन बृहद्‌वृत्ते एकमेकांना छेदतात ती व्यासाच्या दोन टोकांवर. कारण दोन्ही प्रतले केंद्रातून जातात, म्हणून त्यांची छेदरेषाही केंद्रातून जाणारच. क्रांतिवृत्त (सूर्याचा वार्षिक मार्ग) आणि विषुववृत्त यांचे वसंतसंपात व शरदसंपात म्हणूनच समोरासमोर. आणि चंद्राच्या कक्षेचे प्रतल क्रांतिवृत्ताला जिथे भेटते ते राहू आणि केतू, म्हणून तेही कायम एकमेकांपासून सातव्या स्थानी. राहू हलला की केतू हलतो. यात ग्रहांच्या वैराचा काही भाग नाही. दोन प्रतले आणि एक केंद्र एवढाच मामला आहे.

आकाशातून जमिनीवर येऊ. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. मुंबईच्या अक्षवृत्ताचे प्रतल पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे २,०७४ किलोमीटर उत्तरेला येते आणि त्या वर्तुळाची त्रिज्या ६,०२४ किलोमीटर भरते. अक्षवृत्तांमध्ये बृहद्‌वृत्त एकच, विषुववृत्त. रेखावृत्ते मात्र सगळी बृहद्‌वृत्ताचे अर्धे तुकडे. शाळेच्या भूगोलात हे पाठ करून घेतात, कारण क्वचितच सांगतात.

दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्तावरून जातो, हेही असेच पाठ केलेले वाक्य. त्यामागचे कारण प्रतलांच्या भाषेत फार चटकन उलगडते. दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा गोलाच्या आतून जाते. तिच्यातून अगणित प्रतले जातात आणि प्रत्येक प्रतल त्या दोन बिंदूंमधून एकेक वर्तुळ कापून देते. वर्तुळ जितके मोठे तितका त्याचा कंस सपाट, म्हणजे त्या रेषेला चिकटून. सर्वांत मोठे वर्तुळ केंद्रातून जाणारे प्रतल देते, म्हणून सर्वांत आखूड कंसही त्याचाच. ६० उत्तर अक्षवृत्तावर एकमेकांच्या बरोबर समोर असलेली दोन ठिकाणे घ्या. अक्षवृत्ताला धरून गेलात तर सुमारे १०,००० किलोमीटर. ध्रुवावरून गेलात तर ६,७०० च्या आत. मुंबई ते न्यूयॉर्क हा बृहद्‌वृत्ताचा कंस साडेबारा हजार किलोमीटरचा आहे आणि तो जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत, आइसलंडच्या पूर्वेच्या समुद्रावर, चढतो. विमाने वाऱ्यामुळे आणि बंद हवाई हद्दींमुळे त्यापासून सरकतात. पण अमेरिकेला निघालेले विमान पडद्यावरच्या नकाशात उत्तरेकडे का वळले असा प्रश्न शेजारच्या सीटवरून आला, तर त्याचे उत्तर हे आहे.

आतापर्यंत कापाची कड पाहिली. कापामुळे सुटून येणारा भाग जास्त रंजक आहे. आर्किमिडीजने दाखवले की गोलाच्या टोपीचे वक्र क्षेत्रफळ फक्त तिच्या उंचीवर अवलंबून असते: गोलाचा बृहद्‌वृत्ताचा परीघ गुणिले टोपीची उंची. दोन समांतर प्रतलांमधल्या पट्ट्यालाही हाच नियम. पट्टा विषुववृत्ताजवळ असो की ध्रुवाजवळ, प्रतलांमधले अंतर सारखे असेल तर क्षेत्रफळ सारखे. ध्रुवाकडे वर्तुळे लहान होत जातात, पण पृष्ठभाग तितकाच जास्त तिरका होतो आणि एकाची घट दुसरा बरोबर भरून काढतो. हा मेळ बसतो तो त्याच काटकोन त्रिकोणामुळे. आर्किमिडीजला स्वतःच्या सगळ्या कामात गोल आणि त्याभोवतीचे नळकांडे यांचे नाते सर्वांत प्रिय होते. तीच आकृती त्याच्या थडग्यावर कोरलेली होती आणि त्यावरूनच सिसेरोने ते थडगे काट्याकुट्यांत शोधून काढले.

या नियमाचे परिणाम चक्रावून टाकणारे आहेत. ३० अंश उत्तर आणि ३० अंश दक्षिण यांच्यामधला पट्टा पृथ्वीच्या पृष्ठभागाचा बरोबर अर्धा भाग व्यापतो, कारण ३० अंशांची ज्या त्रिज्येच्या निम्मी असते. दोन आयनवृत्तांमधल्या उष्ण कटिबंधाला जवळजवळ ४० टक्के पृथ्वी मिळते. दोन्ही ध्रुवीय प्रदेश मिळून सव्वाआठ टक्केच. आणि आणखी एक. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहाला पृथ्वीचा केवढा भाग दिसतो? त्याच्या नजरेच्या स्पर्शरेषा पृथ्वीला एका वर्तुळावर टेकतात आणि त्या वर्तुळाचे प्रतल केंद्रापासून फक्त ९६३ किलोमीटरवर येते. टोपीच्या नियमाने उत्तर ४२ टक्के. इतक्या लांब जाऊनही अर्धी पृथ्वी दिसत नाही.

आपल्याकडे गोलाच्या मापांची वाट वळणावळणाची होती. आर्यभटाने घनफळासाठी बृहद्‌वृत्ताचे क्षेत्रफळ गुणिले त्याचेच वर्गमूळ असा नियम दिला. तो खऱ्या घनफळाच्या सव्वापटीहून जास्त येतो. लल्लाने पृष्ठफळासाठी वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले परीघ असे सांगितले, तेही चुकीचे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात लल्लाचा नियम नावानिशी खोडला आणि स्वतःच्या वासनाभाष्यात खरे उत्तर कसे मिळते ते दाखवले. इथे जरा थांबण्यासारखे आहे.

त्यांची एक रीत आडव्या कापांची. माती-लाकडाच्या गोलावर माथ्याचा बिंदू घ्यायचा, त्याच्याभोवती २२५ कलांच्या अंतराने एकामागून एक वर्तुळे काढायची. मध्यावर येईपर्यंत २४ वर्तुळे होतात आणि त्यांच्या त्रिज्या म्हणजे कोष्टकातल्या २४ ज्या. दोन वर्तुळांमधला पट्टा उलगडून त्याचे क्षेत्रफळ काढायचे आणि सगळे जोडायचे. दुसरी रीत उभ्या कापांची. आवळ्यावर देठापासून बुडापर्यंत रेघा असतात तशा रेघांनी गोलाच्या ९६ फाका करायच्या. परीघ ९६ हात धरला तर प्रत्येक फाक मध्यावर एक हात रुंद. फाकेची रुंदी माथ्यापासून ज्यांच्या प्रमाणात वाढत जाते. २४ ज्यांची बेरीज ५४,२३३. त्यातून अर्धी त्रिज्या, १,७१९, वजा करून बाकीला पुन्हा १,७१९ ने भागायचे. उत्तर ३० आणि एकाचे ३३ साठांश. आणि ९६ हात परिघाच्या गोलाचा व्यासही नेमका तेवढाच. मग ९६ फाकांचे मिळून पृष्ठफळ किती? परीघ गुणिले व्यास. आर्किमिडीजचेच उत्तर, पण इथे ते ज्यांच्या बेरजेतून आले. पातळ काप करून बेरीज करणे ही पुढे कलनशास्त्राची रीत झाली, आणि ती इथे कोष्टकातल्या आकड्यांनिशी समोर आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चंगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. मराठी मुलखातली गणिताची ही जागा आहे, पण पाटणादेवीला जाणाऱ्या किती जणांना ती ठाऊक असते कोण जाणे.

कापांच्या बेरजेचा एक चमत्कार अलीकडे कोड्यांच्या पुस्तकांत फिरतो. गोलातून आरपार, केंद्रातून जाणारे नळकांडी भोक पाडा, असे की भोकाची उरलेली लांबी ६ सेंटिमीटर असावी. उरलेल्या कड्याचे घनफळ किती? गोलाची त्रिज्या सांगितलीच नाही, आणि तिची गरजही नाही. कोणत्याही उंचीवर कापा. बाहेरच्या वर्तुळाच्या त्रिज्येचा वर्ग म्हणजे गोलाच्या त्रिज्येचा वर्ग वजा अंतराचा वर्ग, भोकाच्या त्रिज्येचा वर्ग म्हणजे गोलाच्या त्रिज्येचा वर्ग वजा ३ चा वर्ग. वजाबाकीत गोलाची त्रिज्या उडून जाते. म्हणून कडे चेंडूतून काढले काय किंवा पृथ्वीएवढ्या गोलातून काढले काय, घनफळ ६ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाइतकेच, सुमारे ११३ घन सेंटिमीटर.

आता बीजगणित. देकार्तनंतर सगळे सहनिर्देशकांत आले आणि पदवीच्या वर्गात हा विषय आज तसाच शिकवतात. क्ष² + य² + झ² − २क्ष − ४य − ६झ − ११ = ० हा गोल आणि २क्ष + २य + झ = १८ हे प्रतल. विद्यार्थी पहिल्यांदा प्रतलातून झ काढून गोलात घालतो आणि समोर लांबलचक, आडवेतिडवे समीकरण येते, ज्यात वर्तुळ कुठे ते दिसतच नाही. दिसणारही नाही, कारण त्याने वर्तुळाची सावली काढली आहे, आणि तिरक्या वर्तुळाची सावली लंबवर्तुळच असते. त्याऐवजी वर्ग पूर्ण करा. केंद्र (१, २, ३), त्रिज्या ५. केंद्र प्रतलाच्या डाव्या बाजूत घातले की ९ येतात, १८ मधून ९ गेले ९, प्रतलाच्या लंबाची लांबी ४ + ४ + १ चे मूळ, म्हणजे ३, अंतर ३. कापाची त्रिज्या ४. केंद्रातून लंबाच्या दिशेने ३ एकक चाललात की पाय (३, ४, ४). संपले. त्याच प्रतलाच्या उजवीकडे २४ लिहिले तर ते गोलाला स्पर्श करते, २७ लिहिले तर चुकते.

बीजगणिताची खरी कमाई पुढे आहे. गोलाच्या समीकरणात प्रतलाच्या समीकरणाची कोणतीही पट मिळवा. निघतो तो पुन्हा गोलच आणि तो त्याच वर्तुळातून जातो. वरच्या उदाहरणात दोन पट वजा केली तर (३, ४, ४) केंद्राचा, ४ त्रिज्येचा गोल मिळतो, त्या वर्तुळावर बसणारा सर्वांत लहान. हेच उलटे वाचा: दोन गोलांची समीकरणे वजा केली की वर्गपदे जातात आणि प्रतल उरते. दोन गोल एकमेकांना छेदतात ते एका वर्तुळात, आणि ते वर्तुळ या प्रतलावर असते. दोन गोलांचा अवघड वाटणारा प्रश्न गोल आणि प्रतल यांच्या प्रश्नात विरघळतो.

मोबाइलमधली जागा याच वजाबाकीने सापडते. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ सांगतो. संदेशाला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते, म्हणजे आपण त्या उपग्रहाभोवतीच्या एका गोलावर आहोत. तीन उपग्रह म्हणजे तीन गोल. दोन वजाबाक्या, दोन प्रतले, त्यांची एक छेदरेषा. ती रेषा गोलाला दोन बिंदूंत भेटते आणि त्यातला एक साधारणपणे अवकाशात कुठेतरी असल्याने टाकून देता येतो. पण फोनचे घड्याळ अणुघड्याळ नसते, आणि एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. त्यामुळे घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात संख्या होते आणि चौथा उपग्रह लागतो. इस्रोच्या नाविक यंत्रणेचे तत्त्व तेच.

काप दिसतो पण गोल दिसत नाही, अशी उलटी परिस्थिती वैद्यकात आणि धातुशास्त्रात रोजची. स्वीडिश संख्याशास्त्रज्ञ विक्सेल यांनी १९२५ मध्ये हा प्रश्न मांडला: प्लीहेच्या पातळ कापात वेगवेगळ्या आकारांची वर्तुळे दिसतात, तर मूळ गोल गाठींचे आकार कसे ठरवायचे? लहान वर्तुळ म्हणजे लहान गाठ, की मोठ्या गाठीची कड? इथे मधोमध आणि कडेचा तो फरक कामी येतो. एकच गोल यादृच्छिक जागी कापला तर कापाची त्रिज्या मूळ त्रिज्येच्या निम्म्याहून जास्त निघण्याची शक्यता जवळजवळ ८७ टक्के असते, आणि सरासरी त्रिज्या मूळच्या साधारण ७८.५ टक्के. म्हणजे काप सहसा फार फसवत नाही. पण मोठे गोल कापात सापडतातही जास्त, आणि ही दुहेरी ओढ सोडवताना मोजणीतल्या बारीक चुका फुगतात. सीटी स्कॅनचे गणित याहून गुंतागुंतीचे, कारण तिथला प्रत्येक काप काही जाडीची सरासरी असतो. तरी अंदाज म्हणून ८ मिलिमीटर व्यासाची गोल गाठ आणि ५ मिलिमीटर अंतरावरचे पातळ काप घ्या. दोन काप केंद्राच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटरवर पडले, तर सर्वांत मोठे दिसणारे वर्तुळ ६.२ मिलिमीटरचे. गाठ वाढली की काप सरकला, हे ठरवताना रेडिऑलॉजिस्ट कापांची जाडी आधी का पाहतो ते यावरून कळावे.

एकाऐवजी अनेक प्रतले घेतली तर? श्टायनर यांनी १८२६ मध्ये प्रतलांनी अवकाशाचे किती तुकडे पडतात ते मोजले. चार प्रतलांनी भरीव गोलाचे जास्तीत जास्त १५ तुकडे होतात. त्यातल्या १४ तुकड्यांना मूळ पृष्ठभागाचा अंश मिळतो. पंधरावा आतल्या आत बंद असलेला चतुष्फलक, ज्याला बाहेरची साल लागतच नाही. चारही प्रतले केंद्रातून नेली तर तो आतला तुकडा नाहीसा होतो आणि चौदाच उरतात.

स्पर्शाच्या बाजूने सर्वांत देखणे प्रमेय बेल्जियमच्या दांदलँचे, १८२२ चे. शंकू तिरका कापून लंबवर्तुळ काढा. शंकूत दोन गोल असे बसवा की ते शंकूला आतून चिकटतील आणि कापाच्या प्रतलाला एक वरून, एक खालून टेकेल. टेकण्याचे ते दोन बिंदू म्हणजे लंबवर्तुळाच्या नाभी. ग्रीकांपासून चालत आलेल्या शंकुच्छेदांना दोन हजार वर्षांनी असा ओळीभराचा पुरावा मिळावा, याचे मला अजूनही नवल वाटते. गोलाच्या ध्रुवावरून प्रक्षेप टाकून आकाश सपाट तबकडीवर उतरवण्याची युक्तीही याच घराण्यातली: गोलावरचा प्रत्येक काप तबकडीवर वर्तुळच होतो, आणि ध्रुवातून जाणारा काप सरळ रेषा. महेंद्रसूरींनी १३७० मध्ये यंत्रराज हा संस्कृत ग्रंथ लिहिला तो या तबकडीवरच.

संगणकाच्या खेळांत या प्रश्नाला वर्तुळही लागत नाही, फक्त अंतर. झाड, गाडी, शत्रू, प्रत्येकाभोवती एक काल्पनिक गोल कल्पितात. कॅमेऱ्याला दिसणारी जागा सहा प्रतलांनी बंदिस्त असते. गोलाच्या केंद्राचे कोणत्याही एका प्रतलापासूनचे बाहेरच्या बाजूचे अंतर त्रिज्येहून जास्त निघाले की ती वस्तू चित्रात नाही; ती रंगवण्याचा खर्च वाचला. तीन गुणाकार, थोड्या बेरजा, एक तुलना. स्पर्शाजवळ मात्र संगणकाचीही तारांबळ उडते: वर्गमूळाखाली शून्याजवळची संख्या येते, शेवटच्या दशांशस्थळातली चूक कित्येक पटींनी मोठी होऊन बाहेर पडते, आणि चेंडू भिंतीला टेकला की आत घुसला हे ठरत नाही. म्हणून असे प्रोग्रॅम लिहिणारे बरोबरीची तपासणी करतच नाहीत, थोडी सूट ठेवून करतात.

हे सगळे गोल खरोखरच गोल असेल तोवर. पृथ्वी तशी नाही. विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६,३५७. फरक २१ किलोमीटरचा, पण तेवढ्याने दिशेला अर्थ येतो आणि एका संख्येवर भागत नाही. अशा चपट्या गोलाचा काप वर्तुळ निघतो तो फक्त अक्षाला काटकोनात, म्हणजे अक्षवृत्तांवर. इतर कोणत्याही दिशेने लंबवर्तुळ. सर्वेक्षकांना याची झळ पहिल्यांदा लागली. थिओडोलाइट एका टेकडीवर ठेवून दुसरी टेकडी पाहिली, तर तिथल्या ओळंब्यातून आणि त्या टेकडीतून जाणारे प्रतल एक रेषा कापते. दुसऱ्या टेकडीवरून पहिलीकडे पाहिले तर वेगळी. दोन्ही ओळंबे सहसा एका प्रतलात नसतात. जवळजवळच्या टेकड्यांत हा फरक नगण्य, पण लांबच्या साखळ्यांत तो हिशोबात घ्यावा लागतो, आणि एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये भारताच्या मोजणीसाठी आपला चपटा गोल ठरवला तो अशाच हिशोबांसाठी. सर्वांत जवळचा मार्ग तर विषुववृत्त आणि रेखावृत्ते सोडली तर कोणत्याच प्रतलात मावत नाही.

व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये तो मार्ग अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक मोजणारी सूत्रे दिली आणि ती जगभर वापरात आली. पण दोन ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या टोकांवर असली की ती सूत्रे गोल गोल फिरत राहतात आणि उत्तर येत नाही. खऱ्या गोलावरही व्यासाची दोन टोके आणि केंद्र एका रेषेत येतात, म्हणून त्यांतून जाणारे एकच प्रतल ठरत नाही, अशी प्रतले अगणित असतात. हा पेच चपट्या गोलावर वेगळ्या रूपात येतो, आणि तो पूर्णपणे सोडवणारी रीत कार्नी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली.